आर्ट थेरपी, काउन्सेलिंग आणि सामाजिक न्याय: कोकणात मला कायम विचारले जाणारे प्रश्न

पालकसभेत, कॉलेजच्या ऍडमिशनच्या दिवसांत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गेलं तरी हेच प्रश्न येतात आणि दरवेळी घाईत अर्धवट उत्तर दिलं जातं, म्हणून यावेळी नीट बसून लिहितेय. जिथे पेशंट किंवा विद्यार्थ्यांचा उल्लेख आहे तिथे ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मॅडम, तुम्ही नक्की करता काय?

दोन कामं. एक म्हणजे काउन्सेलर व्हायला आलेल्या मुलामुलींना शिकवते, त्यांच्या केसेसवर त्यांच्यासोबत बसते, सुपरव्हिजन देते, म्हणजे त्यांच्या कामावर लक्ष ठेवून मार्गदर्शन करते. दुसरं म्हणजे स्वतः आर्ट थेरपीची सेशन्स घेते, शाळांत, वस्त्यांत, कधी आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत. अमेरिकेत काउन्सेलर घडवणाऱ्या शिक्षकाचं वेगळं करिअरच आहे, त्यासाठी वेगळी पीएचडी असते आणि कोर्सेस तपासणारी काकरेप नावाची संस्था १९८१ पासून आहे. आपल्याकडे असं वेगळं पद नाही, सायकॉलॉजीच्या किंवा एमएसडब्ल्यूच्या डिपार्टमेंटमधला जो कोणी मनापासून शिकवेल तोच काउन्सेलर घडवतो.

म्हणजे ड्रॉइंग क्लासच ना? आमच्या मुलाला इंटरमिजिएटला बी ग्रेड आहे.

बी ग्रेड मिळाली त्याचं कौतुक आहेच, पण इथे ग्रेड नाही. ड्रॉइंग क्लासमध्ये चित्र चांगलं यावं म्हणून सर हात धरून शिकवतात, आर्ट थेरपीत चित्र कसं आलं याला काही महत्त्व नसतं, ते काढताना माणसाचं काय झालं, कुठे हात थांबला, काय खोडलं, काढून झाल्यावर तो त्याबद्दल काय बोलला किंवा काहीच बोलला नाही, त्याला महत्त्व असतं. आणि समोर ट्रेनिंग घेतलेला माणूस बसलेला असतो जो हे सगळं सांभाळू शकतो. नुसतं रंगवत बसल्यानेही बरं वाटतं, जरूर रंगवा, पण त्याला थेरपी म्हणत नाहीत.

ज्यांना चित्र अजिबात काढता येत नाही ते सगळ्यात आधी विचारतात "चालेल का". चालेल. रेघोट्या चालतील, कागद फाडून चिकटवलेला चालेल, मातीचा नुसता गोळा चालेल.

चित्र बघून तुम्हाला मनातलं कळतं का? काळा रंग वापरला म्हणजे डिप्रेशन ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की शिक्षक वहीतली पानं फाडून माझ्याकडे पाठवतात, "बघा हो, याने घराला खिडक्याच काढल्या नाहीत". काळा रंग वापरला कारण डब्यात तेवढाच खडू अख्खा होता, असंही असतं. जॉन बक नावाच्या सायकॉलॉजिस्टने १९४८ मध्ये घर, झाड, माणूस काढायला सांगणारी टेस्ट छापली, ती आपल्याकडे अजून सर्रास वापरतात, पण एकेका खुणेवरून एकेक अर्थ काढायचा या पद्धतीवर खूप टीका झालेली आहे आणि मला ती टीका पटते. चित्राचा अर्थ ज्याने काढलं त्याच्याकडे असतो. मी फक्त विचारते, "हे काय चाललंय इथे? सांगशील?" आणि मग गप्प बसते, गप्प बसणं शिकवायला मला पूर्ण एक सेमिस्टर लागतं.

ही परदेशातली फॅशन आहे का? कुठून आलं हे?

नाव तिकडून आलं. एड्रियन हिल नावाचा ब्रिटिश चित्रकार १९३८ मध्ये टीबीच्या सॅनिटोरियममध्ये पडून होता, तिथे चित्रं काढता काढता त्याला जाणवलं की आजारपण सहन करायला याची मदत होते, मग त्याने शेजारच्या पेशंट्सनाही बसवलं, आर्ट थेरपी हा शब्द त्याने १९४२ मध्ये वापरला. १९४६ पासून एडवर्ड ॲडमसनने नेदर्न या मनोरुग्णालयात पेशंट्ससाठी स्टुडिओ चालवला. अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग आणि एडिथ क्रेमर या दोघींनी पाया घातला, १९६९ मध्ये तिथली असोसिएशन झाली.

पण मी वर्गात सुरुवात फ्रीडल डिकर-ब्रँडाइसपासून करते. नाझींच्या तेरेझिन छावणीत ही चित्रकार बाई कैदेतल्या मुलांना चित्रकला शिकवायची, प्रत्येक मुलाला चित्रावर स्वतःचं नाव लिहायला लावायची, जिथे माणसाला नुसता नंबर केला होता तिथे. १९४४ मध्ये तिला ऑशवित्झला नेऊन मारलं, जाण्याआधी तिने मुलांची जवळपास साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये लपवून ठेवली, ती वाचली. एडिथ क्रेमर ही तिचीच विद्यार्थिनी. म्हणजे या कामाच्या मुळाशीच अन्याय सहन करणारी माणसं आहेत, ते नंतर कोणी चिकटवलेलं नाही. पुढे क्लिफ जोसेफ हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय आर्ट थेरपिस्ट, १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियमांनी कृष्णवर्णीय कलाकारांना डावललं म्हणून आंदोलन करणाऱ्या संघटनेत तो पुढे होता, आणि १९७१ च्या ॲटिका तुरुंगातल्या उठावानंतर याच संघटनेने तुरुंगांमध्ये कलेचे वर्ग सुरू केले. थेरपी रूम आणि रस्ता ही त्याच्यासाठी दोन वेगळी जगं नव्हती.

ठीक आहे, पण सोशल जस्टिसचा आणि काउन्सेलिंगचा काय संबंध? मन शांत करायचं काम आहे ना तुमचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं, त्यामुळे हे लांबणार आहे.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी एक काम देते. मोठा कार्डशीट घ्या, आपल्या गावाचा नकाशा काढा, मोजमाप नको, आठवेल तसा. मुलं उत्साहाने काढतात. देऊळ, शाळा, एसटीचा स्टॉप, विहीर, पऱ्ह्या, आंब्याची कलमं, सडा, खाडी असेल तर खाडी, चुलत्याचं घर, सगळं येतं. मग मी म्हणते, आता वाड्यांची नावं लिहा. कुणबीवाडी, भंडारवाडा, गुरववाडी, मोहल्ला, ब्राह्मणआळी, बौद्धवाडी. इथे हात थांबतात. कारण बऱ्याच नकाशांत एखादी वाडी काढलेलीच नसते, कागद संपलेला असतो, आणि ती कुठली वाडी असते हे मी सांगायची गरज नाही. कोणी मुद्दाम केलेलं नसतं, त्या मुलाला लहानपणापासून तिकडे जायचं काम पडलेलं नसतं एवढंच. त्याच वर्गात त्या वाडीतून आलेली मुलगीही बसलेली असते, तिच्या नकाशात तिची वाडी मधोमध असते आणि देवळाकडे जाणारा रस्ता तिने काढलेला असतो पण देवळाच्या आधीच संपवलेला असतो. मग आम्ही नकाशे भिंतीला लावतो आणि कोणी कोणाला दोष न देता नुसते बघतो, बराच वेळ. यानंतर विहिरीबद्दल आपोआप बोलणं निघतं, नळ आधी कुठे आला, पाण्याचा टँकर कुठे थांबतो, शाळेच्या पोषण आहाराच्या रांगेत कोण कुठे बसायचं.

हे महाडपासून काही तासांवर बसून चाललेलं असतं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी प्यायलं, त्यांचं मूळ गाव आंबडवे इथेच मंडणगड तालुक्यात, त्यांचं लहानपणीचं काही वर्षांचं वास्तव्य दापोलीत. आमच्या मुलांना तारीख पाठ असते, पेपरात मार्क पडतात, पण ज्या काउन्सेलरच्या स्वतःच्या मनातल्या नकाशात एक वाडी नाही, त्याच्यासमोर उद्या त्या वाडीतली बाई येऊन बसली आणि म्हणाली "मला सारखी धडधड होते, झोप लागत नाही", तर तो तिला खोल श्वास घ्यायला शिकवेल आणि घरी पाठवेल. श्वास घ्यायला शिकवावंच. पण धडधड कुठून येते हे विचारलंच नाही तर अर्धंच काम झालं, आणि तिला असं वाटायला लागेल की माझ्यातच काहीतरी बिघाड आहे. त्रास बाहेरून आलेला असताना तो माणसाच्या आत शोधत बसणं हा त्याच्यावर झालेला आणखी एक अन्याय आहे असं मी मानते.

अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनने २०१५ मध्ये यासाठी निकष स्वीकारले, त्याचा साधा सारांश असा की आधी स्वतःकडे बघ, तू कुठे उभा आहेस, मग समोरच्याचं जग समज, मग तुमच्या दोघांच्या नात्यात ताकद कोणाकडे आहे ते बघ, आणि शेवटी खुर्चीतून उठून शाळा, ऑफिस, कायदा इथपर्यंत जायची तयारी ठेव. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही स्पष्ट लिहिलंय की सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेत जात, धर्म, लिंग, वर्ग, लैंगिकता, अपंगत्व यावरून भेदभाव करता येणार नाही. कायदा हातात आहे, वापरणारी माणसं तयार करायचीत.

खुर्चीतून उठून म्हणजे नक्की काय करता? मोर्चे?

बहुतेक वेळा अर्ज. खरंच, अर्ज आणि फोन.

एक उदाहरण देते. रायगडकडच्या एका शाळेतला कातकरी मुलगा, "लक्ष नसतं, सतत गैरहजर, काउन्सेलिंग करा" म्हणून पाठवलेला. त्याने मातीत काम करायला घेतलं आणि न सांगता विटा पाडायला लागला, एकसारख्या, कडा बोटाने साफ करून, ओळीत मांडून, आणि प्रत्येक ओळीनंतर एक आडवी. मोजायची पद्धत होती ती. घरचे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पाऊस जवळ आला की परत येतात, भट्टीवर आईसोबत हाच मुलगा विटा मोजायचा. त्याच्या लक्षात काही दोष नव्हता, उलट इतकं बारीक लक्ष मी फार कमी मुलांत बघितलंय. मग माझ्या विद्यार्थिनीने काय केलं, त्याच्याशी सेशन्स चालू ठेवलीच, पण हेडमास्तरांशी बोलून स्थलांतरित मुलांसाठीच्या शिक्षण हमी कार्डाची चौकशी केली, भट्टीजवळच्या शाळेला फोन केला, आणि वर्गातल्या बाईंना त्या मातीच्या विटा दाखवल्या, त्याची परवानगी घेऊन. हे सगळं तिने केस रिपोर्टमध्ये "इंटरव्हेन्शन" या रकान्यातच लिहिलं आणि मी तिला त्याचे पूर्ण मार्क दिले.

हे राजकारण नाही का होत? काउन्सेलरने न्यूट्रल राहावं असं आम्हाला शिकवलंय.

समोरच्यावर आपलं मत लादू नये हे शंभर टक्के खरं, तो कोणाला मत देतो, कोणत्या देवाला जातो यात मी पडत नाही. पण एखाद्या बाईला नवरा मारतोय आणि मी दोन्ही बाजू समजून घेतल्या म्हणत बसले तर मी न्यूट्रल नाही, मी मारणाऱ्याच्या बाजूला आहे. इग्नासिओ मार्टिन-बारो नावाचा सायकॉलॉजिस्ट एल साल्वाडोरमध्ये हेच मांडत होता की लोकांच्या त्रासाकडे त्यांच्या इतिहासासकट बघा, १९८९ मध्ये तिथल्या सैन्याने त्याला गोळ्या घातल्या. इतकी किंमत देऊन जो विचार आपल्यापर्यंत आलाय तो निदान वाचावा तरी, मग पटला नाही तर वाद घाला, वर्गात मला वाद आवडतात.

कोकणात कशाला? पुण्या-मुंबईत जास्त स्कोप आहे.

स्कोप तिकडे आहे, गरज इकडे आहे. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला, तौक्ते मे २०२१ मध्ये, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीयेवर दरड. झाडं, होड्या, दुकानं याचे पंचनामे झाले, लोकांच्या मनाचा पंचनामा कोण करणार होतं? पुरानंतरच्या एका ग्रुपमधला छोटा मुलगा मला विसरता येत नाही, त्याने अख्खा कागद ब्राउन खडूने रंगवला, खडू तुटेपर्यंत दाबून, आणि मग अंगठ्याच्या नखाने वरच्या बाजूला एक आडवी रेघ खरवडली. "इथपर्यंत होतं." एवढंच बोलला. पुढच्या वेळी रेघेच्या वर त्याने माळा काढला, त्यावर आजी, मांजर आणि गॅसची शेगडी. तिथून बोलणं सुरू झालं. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचं पाणी चढलं की आजही तिथली मुलं शाळेत खिडकीकडे बघतात, याला कोणी शिस्तीचा प्रॉब्लेम म्हणू नये म्हणून तरी इथे काउन्सेलर हवेत.

आणि फक्त पूर नाही. घरातले पुरुष मुंबईला, घरी म्हातारी आणि सून. बंदरावर आणि आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी माणसं, त्यांची मुलं मराठी शाळेत, भाषा येत नाही म्हणून मागच्या बाकावर. त्यांच्यासाठी तर चित्र हीच पहिली भाषा होते.

लोक येतात का पण? आमच्याकडे आधी भगताकडे जातात.

जाऊ देत, मी कोणाला भगताकडे जाऊ नको म्हणून सुरुवात करत नाही, तसं केलं की माणूस परत येत नाही. गाऱ्हाणं घालताना माणूस अख्ख्या गावासमोर आपलं दुःख मांडतो आणि बाकीचे "होय महाराजा" म्हणतात, यात आधार आहे हे मला दिसतं. फक्त मारहाण, उपाशी ठेवणं, चटके असलं काही असेल तर तिथे मी ठाम आडवी येते, आणि महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे तो सांगते. औषधं चालू असतील तर ती बंद करू नका हेही सांगते, आर्ट थेरपी औषधाच्या जागी नसते, सोबत असते. रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, "याला रत्नागिरीला टाका" असं आपण सहज बोलून जातो आणि त्यामुळे ज्याला खरी गरज आहे तोही तिकडे जायला घाबरतो. हे बोलणं बंद करूया.

वेळेचं म्हणाल तर लावणीच्या दिवसांत, गणपतीत, शिमग्यात कोणी येत नाही आणि येऊही नये, मी वेळापत्रक त्याप्रमाणे लावते. मच्छीमार घरांतल्या लोकांना जून-जुलैच्या मासेमारी बंदीत वेळ असतो आणि पैशाची चिंताही तेव्हाच असते, त्यांचे ग्रुप तेव्हा. वस्तीची एसटी किती वाजता सुटते ते आधी, सेशन त्यानंतर.

चित्रकथी, वारली वगैरे वापरता का?

विचार करून वापरते. पिंगुळीची चित्रकथी ही ठाकर समाजाची परंपरा, तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्र पुढे धरून गोष्ट सांगायची ही पद्धत आमच्या कामाला फार जवळची आहे, आपली गोष्ट आपण सांगत नाही, चित्रातलं पात्र सांगतं, त्यामुळे जीभ मोकळी होते. पण मग ज्यांची कला आहे त्यांना बोलवा, मानधन द्या, नाव घ्या. डहाणूकडच्या वारली आकृत्या भिंतीवर छापायच्या आणि वारली मुलांना मात्र वर्गात अडाणी म्हणायचं, हे मला बघवत नाही.

सामान काय लागतं? महाग असेल ना.

ऑइल पेस्टल, माती, जुनी वर्तमानपत्रं, फेव्हिकॉल, काव, तांदळाचं पीठ, कापडाच्या चिंध्या. एवढ्यात भागतं. गणपतीच्या कारखान्यातून उरलेली शाडू मिळते, मागितली तर देतात. मात्र कोणाला काय द्यायचं हे शिकावं लागतं, पेन्सिल आणि स्केचपेन हाताच्या ताब्यात राहतात, वॉटरकलर वाहतात आणि सोबत भावनाही वाहायला लागतात, त्यामुळे जो आधीच भरून आलाय त्याला पहिल्याच दिवशी ओले रंग देऊ नयेत. १९७८ मध्ये केगिन आणि ल्युसब्रिंक यांनी याची नीट मांडणी केलीय. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे पाऊस, कागद मऊ पडतो, रंग वाळत नाही, ठेवलेल्या चित्रांना बुरशी लागते. मुलाने विश्वासाने ठेवायला दिलेलं चित्र बुरशी लागून परत देणं बरं नाही, म्हणून प्लॅस्टिकची झाकणाची पेटी घ्या.

चित्र कोणाचं? शाळा मागते प्रदर्शनाला.

ज्याने काढलं त्याचं. प्रदर्शन, व्हॉट्सॲप स्टेटस, रिपोर्टचं कव्हर, काहीही नाही, विचारल्याशिवाय. एक अपवाद लक्षात ठेवा, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, तिथे गुप्ततेचं कारण चालत नाही, आणि हे मुलाला समजेल अशा भाषेत पहिल्याच सेशनला सांगून ठेवायचं.

मला यात करिअर करायचंय. कुठलं शिक्षण?

आधी काउन्सेलिंगचा पाया घ्या, मग कला. काउन्सेलिंग सायकॉलॉजीत एमए किंवा एमएसडब्ल्यू, मुंबईत टिसपासून (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) अनेक पर्याय आहेत, त्यानंतर एक्सप्रेसिव्ह आर्ट्स थेरपीचा डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट. दोन दिवसांच्या वर्कशॉपवर थेरपिस्ट म्हणून बोर्ड लावू नका, प्लीज. ब्रिटनमध्ये आर्ट थेरपिस्ट हे नाव कायद्याने संरक्षित आहे, मास्टर्स आणि रजिस्ट्रेशनशिवाय लावता येत नाही, अमेरिकेतही मास्टर्स लागतं. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन आहे, आणि २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याच्या यादीत आर्ट, डान्स आणि मूव्हमेंट थेरपिस्टचा उल्लेख आलाय, त्यामुळे या क्षेत्रात नियम येणार हे धरून चाला आणि प्रत्येक सेशनची, सुपरव्हिजनची नोंद आतापासून ठेवा.

चित्रकलेचे शिक्षक असाल तर तुमच्याकडे अर्धी तयारी आधीच आहे, फक्त "हे असं नाही, असं काढ" म्हणायची सवय सोडावी लागेल.

पैसे मिळतात का?

सुरुवातीला कमी. बहुतेक जण शाळेत पार्टटाइम, संस्थेच्या प्रोजेक्टवर आणि थोडी खाजगी सेशन्स असं जोडून चालवतात, प्रोजेक्ट संपला की पगार संपतो. मुलांना मी हे ऍडमिशनच्या वेळीच सांगते, कारण नंतर कळलं की चांगली मुलं हे काम सोडून जातात. आणि काउन्सेलरला सेवाभावाच्या नावाखाली फुकट राबवून घेणं हाही न्यायाचाच प्रश्न आहे, मानधन ठरवून, लिहून घ्या, लाजू नका.

दुसऱ्यांचं ऐकून तुम्हाला त्रास होत नाही?

होतो. म्हणून सुपरव्हिजन, आणि सेशननंतर स्वतः दहा मिनिटं चित्र काढायचं, आमच्याकडे हे सक्तीचं आहे.

आत्ता, आज मदत हवी असेल तर?

टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८. जीव द्यायचे विचार येत असतील किंवा घरात कोणी प्रयत्न केला असेल तर पोलीस केसच्या भीतीने लपवत बसू नका, २०१७ च्या कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. त्याला एकटं सोडू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा, चित्रं वगैरे नंतर बघू.